काळ्या खिडकीतून आलेली हाळी

मी एक जुना संगणक आहे. किती जुना, ते आकड्यात सांगत नाही. एवढंच सांगतो, की माझ्या पोटात एकदा पालीनं अंडी घातली, त्यातून पिल्लं निघाली आणि आपापल्या संसाराला लागली, तरी मला कुणी उघडून पाहिलं नव्हतं. पण मित्रांनो, आज मी तुमच्यापुढे मान ताठ करून बोलतो आहे. ज्या कोपऱ्यातून मला भंगारात काढायचं ठरलं होतं, त्याच कोपऱ्यात मी ऐटीत बसलो आहे, आणि रोज सकाळी गावातली माणसं माझ्याकडे समुद्राची खबर विचारायला येतात. हे कसं घडलं ते ऐका.

माझा जन्म रत्नागिरीच्या बाजारपेठेतला. मुंबईहून आलेले माझे सुटे भाग एका लहानशा दुकानात जोडले गेले. कारागिरानं शेवटचा स्क्रू पिळला, कळ दाबली, पडद्यावर उजेड आला आणि दुकानाच्या मालकानं टाळी वाजवली. मला मिळालेली ती पहिली टाळी. तिथून मी एका कचेरीत गेलो आणि इमानेइतबारे राबलो. दसऱ्याला माझ्यावर झेंडूची माळ चढे, कपाळाला कुंकू लागे आणि साहेब आल्यागेल्याला सांगत, "हा आहे म्हणून कचेरी चालते." मला ते खरंच वाटलं होतं. पुढे एक नवा, सडपातळ, चकचकीत संगणक आला आणि माझी रवानगी टेबलाखाली झाली. साहेब माझ्या डोक्यावर पाय ठेवून चहा पिऊ लागले. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण मी त्या टेबलाखाली शिकलो.

शेवटी कचेरीनं मला एका वाचनालयाला देऊन टाकलं. आरे-वारेच्या किनाऱ्याच्या थोडं अलीकडे, खाडीच्या काठावर हे गाव आहे. वाचनालय सांभाळतात इद्रीसचाचा. त्यांची निम्मी हयात कुवेतमध्ये नोकरीत गेली आणि आता ते पुस्तकांवरची धूळ झटकत सुखात असतात. मला टेम्पोतून उतरवलं तेव्हा त्यांनी माझ्यावर प्रेमानं हात फिरवला.

"मशीन का असंना, पाव्हणा आलाय दारात," ते म्हणाले आणि कुवेतहून आणलेला एक जाडजूड टॉवेल त्यांनी माझ्यावर पांघरला.

चाचांची माया खरी होती, पण मला चालवायचं कसं ते त्यांना ठाऊक नव्हतं. खाडीवरचा खारा वारा कुणाची गय करत नाही. माझ्या स्क्रूंवर गंज चढला. मुंग्यांनी माझ्यातून वाट पाडली. लोक माझ्यावर छत्र्या ठेवत, ओल्या टोप्या वाळत घालत. अशी वर्षं गेली.

मग प्रज्ञेश सर आले. ते गावच्या शाळेत गणित शिकवतात. एका सुट्टीत त्यांनी मला उघडलं, रंगाच्या कुंचल्यानं आतली धूळ झाडली, पालीच्या वंशजांना हाकलून दिलं आणि माझ्या म्हाताऱ्या हाडांना पेलेल अशी हलकी प्रणाली आत भरली. पडद्यावर ना चित्र, ना गाणं. नुसती एक काळी खिडकी आणि तिच्यात लुकलुकणारी एक उभी रेघ. त्या खिडकीला सर 'कन्सोल' म्हणत. मला विचाराल तर ते माझं तोंड आहे आणि माझे कानही तेच.

या खिडकीची एक रीत आहे आणि पुढची सगळी कथा त्या रीतीवर उभी आहे, म्हणून नीट ध्यान द्या. तुम्ही तिथे दोन तऱ्हेनं बोलू शकता. एक, मला काम सांगायचं. दुसरी, मला उत्तर विचारायचं. काम सांगितलंत, तर मी ते करतो आणि गप्प बसतो. उत्तर विचारलंत, तर लगेच खालच्या ओळीत ते मांडतो. सर पहिल्या प्रकाराला 'स्टेटमेंट' म्हणतात, दुसऱ्याला 'एक्सप्रेशन'. नावं जड आहेत, पण गोष्ट साधी आहे. "पाण्याची घागर भरून ठेव" म्हटलं, तर शहाणं मूल घागर भरतं, त्यावर भाषण करत नाही. "घागरीत पाणी किती आहे?" म्हटलं, तर मात्र त्यानं बोलायला हवं. अशी ही माझी शिस्त.

सरांच्या वर्गात नववीतली हुदा यायची. तिचे अब्बा मासेमारी करतात. पहिल्याच दिवशी तिनं खिडकीत टाइप केलं: तिथी = ८. मी मनात एक खण उघडला, त्यावर 'तिथी' असं नाव घातलं, आत आठ ठेवले आणि गप्प राहिलो. तिनं वाट पाहिली. पुन्हा तेच लिहिलं. मग माझ्या बरगडीवर एक चापट मारली.

"सर, हा ठार बहिरा आहे!"

"तू त्याला काय म्हणालीस?" सरांनी विचारलं.

"आज अष्टमी आहे, असं सांगितलं."

"सांगितलंस. विचारलंस कुठे?"

हुदानं ओठ चावला आणि नुसतं 'तिथी' एवढंच लिहिलं. मी ताबडतोब म्हणालो, ८. तिनं लिहिलं: तिथी * ३ / ४. मी म्हणालो, ६.०. पोरगी खुर्चीवरून उडाली. बाकीची पोरं जमा झाली. मला कचेरीतल्या झेंडूच्या माळेची आठवणसुद्धा झाली नाही, इतका आनंद झाला.

पण तिनं नेमकं हेच गणित का घातलं? आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत आहे. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. समुद्राच्या पोटात भिंग घालून कुणी हे काढलेलं नाही. पिढ्यान् पिढ्या पाण्याकडे पाहून काढलेलं आहे. गावातल्या म्हाताऱ्यांना ते तोंडपाठ असतं, पण पर्यटकांना ते कोण सांगणार? गेल्या सुट्टीत एका कुटुंबानं गाडी थेट वाळूत उतरवली. भरती आली आणि चाकं रुतली. हुदाच्या अब्बांनी आणि इतरांनी दोर लावून कशीबशी माणसं बाहेर काढली. गाडी मात्र पाण्यात गेली. त्या घरातली बाई थरथरत म्हणत होती, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो." ते वाक्य हुदाच्या डोक्यातून जात नव्हतं. साऱ्या पंधरवड्याच्या भरतीच्या वेळा एकदम काढायच्या आणि किनाऱ्याच्या वाटेवर फळा लावायचा, असं तिनं मनाशी धरलं होतं. आणि त्यासाठी तिच्याजवळ होतो फक्त मी.

नेमका तेव्हाच माझ्यावर घाला आला.

वाचनालयाचे अध्यक्ष काशीराम नाना. जुने तांडेल. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य. त्याचा शब्द खलाशांना शेवटचा. एके दिवशी नाना मला पाहायला आले. फळ्यावर सरांनी नमुन्याला लिहिलेली ओळ होती, ती बघून त्यांनी एका बोटानं, घाम गाळत टाइप केलं: वय = ७१. आणि कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

मी त्यांचं वय जपून ठेवलं. अगदी मानानं ठेवलं. 'वय + १' असं त्यांनी विचारलं असतं, तर ७२ म्हणून टाकलं असतं. पण त्यांनी विचारलं नाही आणि मी आगाऊपणा केला नाही.

"बघा!" नाना कडाडले. "मी येवढं माझं वय सांगितलं, तर ह्यानं हूं का चूं केलंन नाय! हाक मारली की ओ द्यायची, ही आपल्याकडची रीत. हा मेलेला आहे."

"नाना, तसं नाही," सर म्हणू लागले, पण बाजूलाच समितीतला लवू उभा होता. लवूला त्या कोपऱ्यात क्रिकेटसाठी मोठा टीव्ही हवा होता. त्यानं संधी साधली.

"सोमवारी भंगारवाल्याचा टेम्पो येतोय नाना. देऊन टाकू. जागा पण मोकळी होईल."

नानांनी मान डोलावली. चाचांनी माझ्यावरचा टॉवेल उगाचच सारखा केला. माझ्या पंख्याची घरघर क्षणभर थांबली, खोटं नाही सांगत. तेवढ्यात पुस्तकांच्या कपाटामागून हुदा पुढे आली.

"नाना, जरा थांबा ना. ह्याचं काम मी तुम्हाला दाखवते. रविवारी."

"आणि नाय दाखवलंस तर?"

"तर मी स्वतः उचलून टेम्पोत ठेवीन."

नानांना पैज आवडली. मात्र त्यांनी एक अट घातली: रविवारी सरांनी कळफलकाला हात लावायचा नाही आणि तोंडही उघडायचं नाही. पोरीनंच दाखवायचं.

हुदा रोज शाळा सुटली की येऊन बसे. एकेक तिथी घेऊन पाऊणपट करायची, असं तिनं खिडकीत लिहिलं आणि मी एकाखाली एक पंधरा उत्तरं भराभरा मांडली. ती खूश, मी खूश. मग तिनं विचार केला, की रविवारी सगळ्यांसमोर एवढं टाइप करताना काही चुकलं तर? त्यापेक्षा सगळं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवू. तिथे फक्त फाइलचं नाव दिलं, की मी वाचत जाईन आणि करत जाईन. तिनं अगदी तेच शब्द फाइलमध्ये उतरवले. कानामात्रेचा फरक नाही. म्हणून चालवून बघायची गरजसुद्धा तिला वाटली नाही. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, पण इथे वासे तेच होते आणि घर फिरलं होतं. ते तिच्या ध्यानात आलं नाही, आणि मला आपणहून बोलता येत नाही.

रविवार उजाडला. समितीची माणसं चहा घेऊन बसली. नाना पुढच्या खुर्चीवर. सर हाताची घडी घालून भिंतीला टेकलेले, ओठ घट्ट मिटून. हुदाची अम्मी दारात ओढणी सावरत उभी. हुदानं फाइलचं नाव लिहिलं आणि कळ दाबली.

मी फाइल वाचली. पहिली तिथी, पाऊणपट काढली. दुसरी तिथी, पाऊणपट काढली. पंधराही उत्तरं काढली, एकूण एक बरोबर. आणि काळ्या खिडकीत काहीच उमटलं नाही. ती उभी रेघ खालच्या ओळीवर येऊन नुसती लुकलुकत राहिली.

मित्रांनो, याहून मोठं दुःख मी भोगलेलं नाही. टेबलाखालची वर्षं यापुढे काहीच नाहीत. उत्तरं माझ्याजवळ होती आणि मला ती कुणाला दाखवता येत नव्हती. समोरासमोर बसून विचारलं, तर उत्तर मांडायचं, ही खिडकीची रीत. फाइलची रीत वेगळी. तिथे माझ्यापुढे कुणी बसलेलं आहे असं मी धरत नाही. गणित करतो, उत्तर हातात धरतो, आणि पुढचा हुकूम वाचायला लागलो की ते सोडून देतो.

हुदानं पुन्हा कळ दाबली. पुन्हा शुकशुकाट. तिचे कान लाल झाले. लवू खुदकन हसला. सरांनी डोळे मिटले. त्यांना चूक दिसली होती, पण ते शब्दाला जागणारे.

नाना मात्र हसले नाहीत, उलट चिडले. त्यांना पोरीचा पडलेला चेहरा बघवेना.

"ह्याचा मेल्याचा गुण माझ्या त्या चिमासारखा आहे!" ते माझ्याकडे बोट करून म्हणाले.

"कोण चिमा?" अम्मीनं विचारलं.

"माझ्या होडीवरचा खलाशी. खाडीच्या तोंडाशी आलं, की दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडायचं आणि पाणी किती वाव खोल आहे ते बघायचं, हे त्याचं काम. मी बाजूला बसून 'चिमा, पाणी किती?' विचारलं, तर लगेच सांगायचा. पण एकदा मी सुकाणूवर मागं होतो. त्याला बजावलं, मोजत राहा. तर हा मोजतोय, मोजतोय, आणि गप्प! होडी लागली ना वाळूला. म्हटलं, मोजलंस तर बोलला का नायस? तर म्हणतो कसा, तांडेल, तुम्ही मोज म्हणालात. हाळी दे कुठं म्हणालात?"

सगळे हसले. इद्रीसचाचा तर खोकेपर्यंत हसले. एक हुदा हसली नाही. ती नानांकडे टक लावून पाहत होती, आणि मग तिनं माझ्याकडे पाहिलं. अगदी माणसाकडे पाहावं तसं.

"नाना," ती हळूच म्हणाली, "ह्यानं पण मोजलंय. मीच हाळी दे म्हणाले नाही."

तिनं फाइल उघडली. पाऊणपट काढायची ओळ होती, तिच्या आधी एकच शब्द घातला, 'प्रिंट', आणि गणिताभोवती कंस केला. आमच्या भाषेत तो शब्द म्हणजे हाळी. जे हातात आहे ते साऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांग. तिनं कळ दाबली.

आणि मी हाळी दिली! अशी दिली, मित्रांनो, की पडदा वरपासून खालपर्यंत भरून गेला. एकाखाली एक पंधरा उत्तरं, प्रतिपदेपासून पंधराव्या तिथीपर्यंत, डोळ्याचं पातं लवायच्या आत. समितीची माणसं हातातल्या कपबशांसकट माझ्याभोवती गोळा झाली.

लवू पुढे वाकला. तो इतक्यात हार मानणार नव्हता.

"आज त्रयोदशी. तेराव्या ओळीत काय लिहिलंय, तर नऊ पॉइंट पंचाहत्तर. नऊ वाजून पंचाहत्तर मिनिटं? असलं घड्याळ कुठं मिळतं गं हुदा?"

हुदा उत्तर द्यायला वळली, पण नाना आधीच उभे राहिले होते. ते बोटांवर काहीतरी पुटपुटत होते. तेरा, तेराचे पाऊण.

"गप ऱ्हा लव्या," ते म्हणाले. "पाऊण म्हणजेच पंचाहत्तर. नऊ आणि वर पाऊण. पावणेदहा! माझ्या बापानं मला हेच शिकवलंन." मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ होऊन गेले होते. "चला धक्क्यावर. खरं खोटं पाणीच सांगेल."

कपबशा तिथेच टाकून सगळी मंडळी धक्क्याकडे निघाली. मला नेणार कोण? मी वाचनालयाच्या खिडकीतून येणाऱ्या आवाजाकडे कान लावून बसलो. धक्क्यावर काय झालं ते हुदानं नंतर मला सांगितलं, पण त्या वेळी मला फक्त वारा ऐकू येत होता. एका दोरानं बांधलेली होडी भरतीचं पाणी आत येईतो समुद्राकडे तोंड करून असते. पाणी थांबलं की ती डुलत राहते, आणि ओहोटी लागली की तोंड फिरवते. सगळे त्या होडीकडे बघत उभे होते. आणि मग एकदम गलका झाला.

"फिरली! होडी फिरली!"

तो आवाज लवूचा होता. होय, लवूचाच! समुद्र आपल्या बाजूनं बोलला, की विरोधकही गळा फाडून ओरडतो. इद्रीसचाचा धापा टाकत सर्वांच्या आधी परत आले आणि माझ्या पडद्यावर थाप मारून म्हणाले, "शाब्बास रे पाव्हण्या!" मागोमाग नाना आले. त्यांनी हुदाच्या डोक्यावर हात ठेवला.

"दहा मिनिटं इकडंतिकडं चालायचंच," ते म्हणाले, "समुद्र काय कोणाचा नोकर नाय. पण पोरी, तू ह्याच्याकडून काम घेतलंस."

सरांना आता बोलायची मोकळीक मिळाली आणि ते पहिलं वाक्य काय बोलले असतील? "नाना, मला मघाशी घाम फुटला होता हो!" त्यावर जो हशा पिकला, तो मला अजून ऐकू येतो.

लवूचा टीव्ही आला, समोरच्या भिंतीवर बसला. मला नवा कळफलक मिळाला. सरांनी माझ्या वेळा छापील वेळापत्रकाशी ताडून पाहिल्या, थोडा फरक होता तो हुदानं दुरुस्त केला. किनाऱ्याच्या वाटेवर फळा उभा राहिला आणि त्यावर रोज खडूनं वेळ लिहायचं काम लवूनं आपणहून घेतलं. पहिल्याच आठवड्यात एक गाडी फळ्यापाशी थांबली. आतल्या मुलानं मोठ्यानं वाचलं, बापानं गाडी मागे घेतली आणि झाडाखाली लावली. एवढंच घडलं. बुडाली असती ती गाडी बुडाली नाही. माझ्या सगळ्या आयुष्याचं सोनं झालं.

मित्रांनो, म्हाताऱ्याचं एक ऐका. आमच्यासारख्या जुन्या यंत्रांवर फडकं मारा, पावसाळ्यात टॉवेल पांघरा, ओल्या छत्र्या दुसरीकडे ठेवा. आणि कुणी गप्प दिसलं, तर ते मेलं असं धरून चालू नका, मग ते यंत्र असो की वर्गातलं शेवटच्या बाकावरचं मूल. तुम्ही त्याला नुसतं काम सांगितलंत की काही विचारलंत, हे आधी आठवून पाहा. आणि उत्तर तुमच्याजवळ असेल, तर कुणाच्या तरी कानावर पडेल असं बोला.

सोमवारी काय झालं ते सांगायचं राहिलं. टेम्पो ठरल्याप्रमाणे आला. भंगारवाला वजनकाटा घेऊन पायरी चढला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हाच ना तो?" काशीराम नाना दारात आडवे उभे राहिले. धोतराचा सोगा खोचून, होडीवर उभे राहावेत तसे.

"तो भंगार नाय," नाना म्हणाले. "तो माझा खलाशी आहे."